पहिलं पाणी: धरणं, डोंगर आणि मातीच्या आतलं पाणी

काठावरची

नोकरीतल्या पहिल्या पावसाळ्यात साहेबांनी मला एक काचेचा ग्लास दिला. साधा, टपरीवरच्या चहाचा असतो तसला. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी पाझराचं पाणी एका चरात गोळा करतात आणि त्या चरावर त्रिकोणी खाच असलेली पत्र्याची पाटी बसवतात. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते रोज वहीत लिहायचं, हे माझं काम. साहेब म्हणाले, "आकडा लिहिशीलच, पण आधी हा ग्लास भरून उजेडात धर. नितळ असेल तर नुसतं पाणी येतंय. गढूळ असेल तर धरण येतंय."

तेहतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढून आता निवृत्त झाले आहे. तो ग्लास कधीच फुटला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. स्थापत्यातल्या मोठ्या घटनांवर मराठीत वाचायला गेलं की उंची, लांबी, किती टन सिमेंट, किती दिवसांत पूर्ण, असंच बरंचसं हाती लागतं. मला या धाग्यात जमिनीच्या आत काय घडलं यावर बोलायचं आहे. त्यातही एका प्रश्नावर: धरण पहिल्यांदा भरतं तेव्हा नेमकं काय होतं?

सुरुवात घरापासून करते. पानशेत, १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम अजून अपुरं, आणि पावसाळा येऊन ठेपलेला. पाणी सोडायची विमोचकाची व्यवस्था पूर्ण झालेली नव्हती. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या मोरीत पोलाद घातलेलं काँक्रीट हवं होतं. पोलादाची टंचाई होती म्हणून बिनसळईचे ठोकळे वापरले गेले. दारं अर्धवट उघडी ठेवून पाणी सोडलं की मोरीच्या आत पाणी उसळतं, आपटतं, सगळं थरथरतं. त्या मोरीवरचा भराव खचायला लागला. धरणाचा माथा खाली येत होता आणि मागचं पाणी वर चढत होतं. रात्रभर लष्कराचे जवान वाळूची पोती टाकत होते. सकाळी धरण गेलं.

खाली खडकवासला होतं. १८७९ चं दगडी धरण, खडकावर उभं. विश्वेश्वरय्यांनी आपले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा बसवले ते इथेच. वरून एक अख्खं धरण अंगावर आल्यावरही ते लगेच पडलं नाही, दुपारपर्यंत टिकलं. ते मधले तास पुण्याला मिळाले, आणि त्या तासांत जी माणसं घर सोडून उंचावर गेली ती वाचली. दगडाच्या त्या म्हाताऱ्या भिंतीबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

पानशेत पहिल्याच पाण्यात गेलं, हे मात्र पूर, गाळ आणि चौकशीच्या गोष्टींत मागे पडतं. जगभरातली फुटलेली धरणं पाहिली तर हा योग वारंवार दिसतो. बाकीच्यांनी आपापल्या भागातलं, वाचनातलं लिहावं. मी अधूनमधून येत राहीन.

शनवारातला

ताई, त्या दिवशी मी सात वर्षांचा होतो. शनिवार पेठेतला आमचा वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर. वडील सकाळी कामाला गेले आणि तासाभरात धावत परत आले, "धरण फुटलं म्हणतायत." आईला वाटलं अफवा आहे. आजीनं मात्र देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले आणि ती चालायला लागली. तिच्यामुळे आम्ही निघालो.

पाण्याचं फारसं आठवत नाही, गाळाचं आठवतं. परत आलो तर खालच्या मजल्यावर माझ्या कमरेइतका गाळ. आईनं धान्याची कोठी उघडली तर वरून खालपर्यंत एकच काळा गोळा. भिंतीवरची ओल पुढे कैक वर्षं दरवर्षी जुलैत वर यायची. आमचे मामा निसेन हटमध्ये राहायला गेले, अर्धगोल पत्र्याच्या त्या घरात उन्हाळ्यात भाकरी भाजल्यासारखं व्हायचं.

खडकवासला दुपारपर्यंत टिकलं म्हणून आम्ही आहोत, हे मला एवढ्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं. आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली. आज तिला सांगावंसं वाटलं.

तिसरं वर्ष

वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'पहिलं पाणी' म्हणजे नक्की काय वेगळं? दहाव्या वर्षीही धरणात तेवढंच पाणी असतं ना? आणि परिणामी ताण, म्हणजे इफेक्टिव्ह स्ट्रेस, आम्हाला आहे. एकूण ताण वजा पाण्याचा दाब. सूत्र पाठ आहे, गणितं सुटतात, पण समोर काही दिसत नाही.

काठावरची

@शनवारातला, आजीला नमस्कार. फार बोलवत नाही यावर.

@तिसरं वर्ष, प्रश्न आवडला. दिवाळीचा किल्ला केला आहेस ना? कोरडी माती उभी राहत नाही, ढीग होतो. थोडं पाणी शिंपडलं की त्याच मातीचा कडा उभा कापता येतो, बुरूज वळता येतो. आणि धाकट्या भावानं तळं भरायला तांब्याभर पाणी ओतलं की अख्खी बाजू बसते. माती तीच. पहिल्यांदा पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरत होतं, शेवटी तेच पाणी कणांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून उचलत होतं.

आता आकड्यात. जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पाणी भरलेली माती घे. दहा मीटर खोलीवर तिचं वजन दर चौरस मीटरला साधारण २० टन. त्याच खोलीवर पाण्याचा दाब १० टन. म्हणजे कण एकमेकांना फक्त १० टनांनी दाबून धरतात, आणि मातीची घट्ट राहायची ताकद या दहावर उभी असते. काही कारणानं आतल्या पाण्याचा दाब १८ झाला, तर बाहेरून काहीही बदललेलं दिसत नाही, वजन तेच २०, पण कणांची पकड दोनवर आली. परीक्षेत तू जी वजाबाकी करतोस ती हीच. डोंगर खचतो तो बहुतेक वेळा या वजाबाकीमुळे.

ही वजाबाकी पहिल्यांदा नीट मांडली कार्ल तेर्झागींनी. जन्म प्रागचा, १८८३. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इस्तंबूलला शिकवायला गेले आणि तिथे नऊ वर्षं राहिले. प्रयोगशाळा म्हणावी असं काही हाताशी नव्हतं. सिगारच्या खोक्यांतून, भंगारातून उपकरणं जुळवली. चिकणमातीच्या वडीवर वजन ठेवायचं, पाणी किती वेळात बाहेर पिळलं जातं ते बघत बसायचं, दिवसच्या दिवस. १९२५ मध्ये त्यांचा जर्मन ग्रंथ निघाला आणि मृदायांत्रिकी, म्हणजे माती भाराखाली कशी वागते याचं शास्त्र, हा विषय जन्माला आला. त्याआधी हजारो वर्षं माणसं पाया घालत होती, उत्तम घालत होती, पण ते हाताच्या आणि पायाच्या शहाणपणावर.

आता 'पहिलं पाणी'. धरण बांधताना भरावातली आणि खालच्या खडकातली वजाबाकी एका स्थितीत असते. पहिल्यांदा भरताना पाणी सगळीकडे शिरतं. जिथे एखादी फट, एखादा सैल पडलेला थर, मोरीच्या कडेला नीट न कुटलेली माती आहे, तिथे ते जाऊन पोचतं. बांधताना कुणाच्या नजरेतून जे सुटलं ते पाण्याच्या नजरेतून सुटत नाही. दहाव्या वर्षी पाणी तेवढंच असतं, पण तोवर त्यानं सगळं तपासून झालेलं असतं. तरी नंतर काहीच होत नाही असं नाही. मोऱ्या कुजतात, झाडांची मुळं शिरतात, उंदीर-घुशी पोखरतात.

कातळ

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून भर घालतो. पहिल्या पाण्याची दोन उदाहरणं परस्परांना पूरक आहेत.

माल्पासे, दक्षिण फ्रान्स, फ्रेजूस गावाच्या वर. ६६ मीटर उंच, पातळ कमानीचं काँक्रीट धरण. आंद्रे कॉइन हे त्या काळचे कमानी धरणांतले मोठे नाव, त्यांचं डिझाइन. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री, तलाव पहिल्यांदाच पूर्ण भरत असताना, धरण गेलं. ४२३ माणसं मेली. काँक्रीटमध्ये दोष नव्हता. डाव्या काठाच्या खडकात, पट्ट्यापट्ट्यांच्या नाइस खडकात, पाणी शिरलं, खालच्या भ्रंशापाशी, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागी, कोंडलं आणि त्या दाबानं खडकाची पाचरच धरणासकट सरकली. म्हणजे ताईंची मातीतली वजाबाकी खडकाच्या भेगांतही तशीच चालते. खडकाचं यांत्रिकी हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला त्यामागे माल्पासेचा फार मोठा वाटा आहे. कॉइन पुढच्याच वर्षी वारले.

टीटन, अमेरिकेतलं आयडाहो राज्य, ५ जून १९७६. हे मातीचं. गाभा वाऱ्यानं आणलेल्या बारीक गाळमातीचा, आणि काठाचा खडक भेगाळलेला. तिथे तर ग्लासाचीही गरज पडली नसती. सकाळी गढूळ पाझर दिसला, मग भोक, मग भोकाचं भगदाड. भगदाड बुजवायला दोन बुलडोझर पाठवले, ते दोन्ही आत ओढले गेले, चालक कसेबसे निसटले. दुपारी बाराच्या सुमाराला धरणाचा माथा कोसळला. हेही पहिलंच भरणं. मेलेले ११. दिवसाउजेडी घडलं आणि इशारा देता आला म्हणून एवढ्यावर निभावलं.

पानशेतची पोती आणि टीटनचे बुलडोझर. मला हे दोन्ही प्रसंग एकाच वेळी डोळ्यासमोर येतात. माती हलायला लागल्यावर माती टाकणारी माणसं.

प्रेअरीकर

धागा धरणांचा आहे, पण मी विनिपेगला राहतो आणि आमच्या शहराच्या पूर्वेला ट्रान्सकोना भागात जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं गहू साठवायला इथे एक प्रचंड कोठार बांधलं. काँक्रीटच्या ६५ गोल कणग्या, सगळ्या एका जाड काँक्रीटच्या पाट्यावर. १९१३ च्या ऑक्टोबरात भरायला घेतलं. पावणेनऊ लाख बुशेल (हे इकडचं धान्याचं माप) गहू आत गेल्यावर, १८ ऑक्टोबरला, कोठार खचायला लागलं. पहिल्या तासात फूटभर. मग एका बाजूला कलायला लागलं आणि चोवीस तासांत जवळपास २७ अंश कलून थांबलं. तडा नाही, फूट नाही. एखादं जनावर बसकण मारतं तसं अख्खं.

पायाची तपासणी केलीच नव्हती असं नाही. खड्डा खणून छोटी पाटी ठेवून, वजन टाकून पाहिलं होतं आणि जमीन मजबूत निघाली होती. पण छोट्या पाटीचा भार पोचतो तो फूट-दोन फूट. वरची चिकणमाती टणक होती, तिला पाटी कळली. कोठाराचा पाटा होता जवळजवळ ६० मीटर लांब आणि २३ मीटर रुंद, त्याचा भार कितीतरी खोल गेला, आणि खाली मऊ चिकणमाती होती, एका प्राचीन हिमसरोवराच्या तळाची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राल्फ पेक यांनी तिथे बोअर घेऊन माती तपासली, तेव्हा जमिनीच्या धारणशक्तीचं गणित आणि १९१३ चा प्रत्यक्ष भार जवळपास जुळले. आधी अपघात, मग सिद्धांत, मग सिद्धांताचा ताळा त्याच अपघाताशी.

आणि ते कोठार पाडलं नाही! गहू काढून घेतला, खाली खडकापर्यंत खांब उतरवले आणि जॅक लावून सरळ केलं, वर्षभराच्या आत. पूर्वीपेक्षा बरंच खाली बसलं, पण उभं राहिलं आणि पुढे कित्येक दशकं वापरात होतं. हिवाळ्यात उणे तीसमध्ये तिथून जाताना दर वेळी वाटतं, १९१४ साली या थंडीत ते काम करणारी माणसं कोण असतील.

गोदाकाठ

प्रेअरीकर, तुमची छोटी पाटी वाचून माझं घर आठवलं.

परभणीजवळ आमचं काळ्या रानातलं घर. गुत्तेदारानं चार फूट खणलं, पहार मारून दाखवली, "बघा मालक, पहार जाईना." मार्च महिना होता. काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते, तिच्यात पहार कशी जाणार? त्यावरच पाया. पहिल्या पावसाळ्यात दारं लागेनात, दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरका तडा, मधे बोट जाईल एवढा. बुजवला, तो पावसाळ्यात मिटला, उन्हाळ्यात शेजारी नवा. सहा वर्षं हेच चाललंय. कर्जाचे हप्ते अजून बारा वर्षं आहेत. कुणावर आरोप करायला लिहीत नाही, त्या माणसालाही तेवढंच माहीत होतं. पण उपाय आहे का?

काठावरची

@गोदाकाठ, वाचून वाईट वाटलं. इथे बसून निदान करता येणार नाही, पण तुमच्या तड्याचं वेळापत्रकच सांगतंय की घर मातीबरोबर वरखाली होतंय. काळ्या मातीतले चिकणे कण पाणी प्यायले की फुगतात आणि सुकले की आकसतात. रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या जोत्याखाली होतं. फरक एवढाच की घराच्या मधोमध माती वर्षभर ओलसर राहते आणि कडा ओल्या-कोरड्या होत राहतात. म्हणून तडा कोपऱ्यात.

आधी हे करा: घराभोवती ओल समान ठेवा. छपराचं पाणी भिंतीपाशी पडू देऊ नका, पन्हळीनं लांब न्या. न्हाणीघराचं सांडपाणी भिंतीलगत मुरत असेल तर आजच बंद करा. भिंतीलगत मोठं झाड असेल तर ते उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतंय. घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का कोबा करून घ्या. एक वर्ष तड्यावर पेन्सिलीनं खुणा करून तारीख टाका, मगच भिंतीचं काम काढा. आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मातीची फुगण्याची चाचणी करून मिळते, ती करा.

नवीन बांधणाऱ्यांसाठी: या मातीवर आपल्या देशात मोलाचं काम झालं आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी घंटेसारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, रूढ केले. ते माती जिथे वर्षभर हलत नाही तितक्या खोल जाऊन रुततात. आणि मुंबईच्या आयआयटीत प्रा. कट्टी यांनी दाखवून दिलं की काळ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दिला की खालची माती फुगायची थांबते. मलप्रभेच्या कालव्यांवर हे वापरलं गेलं. चांगला मुरूम त्या कसोटीला उतरला तर तोही चालतो. आपले जुने गवंडी पायात मुरूम कुटायचे, ते उगीच नव्हे.

पाटणखोरे

कोयनेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आई सांगते, आधी आवाज आला, खालून, ट्रक भरून दगड ओतावेत तसा. मग घर. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसं गेली.

तोवर दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथे भूकंप व्हायचा नाही, अशीच समजूत होती. धरणाचं डिझाइन भूकंपाचा किरकोळ जोर धरून केलेलं. धरणातल्या यंत्रावर हादऱ्याच्या त्वरणाची नोंद झाली गुरुत्वाच्या ०.६३ पट. १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात आडवे तडे गेले, जिथे पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार एकदम बदलतो, म्हणजे धरणाची मान जिथे सुरू होते तिथेच. पण धरण राहिलं. नंतर तडे भरले, पोलादी केबल ताणून बसवल्या, त्याच बाजूनं आधारभिंती दिल्या. देशाचा भूकंप नकाशाही नव्यानं काढावा लागला.

तलाव १९६२ च्या सुमाराला भरायला लागला आणि तेव्हापासूनच धक्के जाणवू लागले. आमच्याकडे आजही भांडी वाजली तर कुणी जागचं उठत नाही. धरणाच्या पाण्यानं भूकंप होतो का, यावर जगातले लोक इथे येऊन अभ्यास करतात. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक घेतलंय. काठावरचीताई, तुमची वजाबाकी इथेही लागते का?

काठावरची

लागते, आणि म्हणूनच कोयना माझ्या मनात पहिल्या पाण्याच्या यादीत आहे. खोल भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना दाबून धरलेल्या असतात आणि घर्षणानं अडकलेल्या असतात. ताण लाखो वर्षांचा साठलेला. वरून पाणी झिरपत गेलं किंवा तलावाच्या भारानं आतला दाब वाढला की पकड थोडीशी ढिली होते. जे घसरायच्या बेतात होतं ते घसरतं. भूकंपाची ताकद पाण्याची नव्हे, खडकाची. पाण्यानं फक्त कडी काढली.

रातांबा

आमच्याकडचं पाणी धरणातलं नाही, डोंगराच्या पोटातलं. कोकण रेल्वे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा ६४ मीटर उंच पूल, यांचे फोटो सगळे काढतात. पण बांधणाऱ्यांना विचाराल तर ते नाव घेतात पेडण्याच्या बोगद्याचं. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. कातळातून बोगदा काढणं सोपं, कारण कातळ स्वतः उभा राहतो. इथे डोंगर म्हणजे वर जांभा आणि खाली पाण्यानं भरलेली चिकणमाती, दंतमंजनाच्या लगद्यासारखी. सुरुंग लावायचा प्रश्नच नाही. हातानं थोडं खणायचं, लगेच आधार द्यायचा, आणि रात्रीत सगळं परत भरून आलेलं बघायचं. असे मऊ मातीचे नऊ बोगदे होते. त्यांत चार वर्षं गेली आणि १९ माणसं गेली. पेडण्यामुळेच शेवटची जोडणी अडून बसली होती. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात रुळांखालून पाणी उसळलं. माझी मुलगी मडगावहून निघालेल्या गाडीत होती. गाडी तासन् तास उभी, डब्यात लोक वैतागलेले, आणि मी तिला फोनवर सांगतोय की बाळा, थांबवली तेच बरं झालं. पंचवीस वर्षांनीही तो डोंगर आत पाणी साठवतोच आहे.

कातळ

रातांबांना +१. डोंगराच्या पोटातलं पाणी म्हटल्यावर वायोंत टाळता येत नाही.

उत्तर इटली, २६१ मीटर उंच कमानी धरण, त्या वेळी आपल्या प्रकारात जगात सर्वांत उंच. तलावाच्या एका काठाला तोक नावाचा डोंगर. पाणी भरायला लागल्यावर १९६० च्या नोव्हेंबरात डोंगराचा एक तुकडा पडला आणि वर दोन किलोमीटर लांब भेग उघडली. धरणाचे अभियंता कार्लो सेमेंझा. त्यांचाच मुलगा एदोआर्दो भूशास्त्रज्ञ. त्यानं पाहणी करून सांगितलं होतं की हा अख्खा उतार म्हणजे जुनी, पूर्वी एकदा घसरलेली दरड आहे. बापानं मुलाचं ऐकून घ्यावं आणि तरी काम चालू राहावं, या प्रसंगाशी मी नेहमी थबकतो.

पाणी वर नेलं की डोंगर वेगानं सरकायचा, खाली आणलं की मंदावायचा. त्यावरून समजूत झाली की तलावाची पातळी हा ब्रेक आहे. १९६३ च्या सप्टेंबरअखेर वेग वाढला तेव्हा पाणी उतरवायला घेतलं. या वेळी डोंगर मंदावला नाही. ९ ऑक्टोबरच्या रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर एका मिनिटाच्या आत तलावात उतरला. धरणावरून लाट उसळली, खालचं लोंगारोने गाव पुसलं गेलं, जवळपास दोन हजार माणसं गेली. धरण आजही उभं आहे, मागे पाणी नाही, डोंगर आहे.

थर चुनखडकाचे आणि त्यांच्या मधे चिकणमातीचे पातळ पदर. पाण्यानं भरल्यावर पकड किती उरते, ते वर लिहिलंच आहे.

शनवारातला

माळीण आठवलं. ३० जुलै २०१४. मग तळीये, इर्शाळवाडी. तिथे धरण नव्हतं, पाऊसच होता.

काठावरची

हो. पाऊसही डोंगर तसाच भरतो. माळीणच्या वेळी मी नोकरीत होते, ढिगारा बघून आले आहे. त्यावर सध्या लिहू शकत नाही. डोंगरउतारावर राहणाऱ्यांसाठी एवढंच: उतारावर नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागले, दारं अचानक अडकायला लागली, किंवा नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला वा आटला, तर रात्र तिथे काढू नका. आटणं हेही चांगलं लक्षण नव्हे, ते पाणी दुसरीकडे कोंडतंय.

@तिसरं वर्ष, तू गप्प झालास. आणखी एक घरी करून बघ. बादलीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाणी घे, त्यात बारीक वाळू सैल हातानं सोडत जा, पृष्ठभागाच्या जरा वर येईपर्यंत. वर एक वीट उभी ठेव. मग बादलीला बाजूनं हातानं ठोक.

तिसरं वर्ष

केलं. बाल्कनीत, आईच्या धुण्याच्या बादलीत. वाळू समोरच्या साइटवरून मागून आणली.

वीट ठेवली तेव्हा घट्ट उभी होती, बोटानं ढकललं तरी हलली नाही. सात-आठ वेळा ठोकलं आणि वाळूचा पृष्ठभाग एकदम चमकायला लागला, वर पाणी आलं. वीट आधी एका बाजूला झुकली आणि मग अर्ध्याहून जास्त आत गेली. दोन सेकंदांत. वाळू त्या वेळी वाळू वाटतच नव्हती, पिठल्यासारखी झाली होती. थोड्या वेळानं हात घातला तर परत घट्ट, आणि वीट निघेना.

म्हणजे ठोकल्यावर कण जवळ यायला बघत होते, पाण्याला निघायला वाव नव्हता, म्हणून सगळं वजन पाण्यावर आलं आणि वजाबाकी शून्य झाली. बरोबर का? व्हिडिओ काढलाय, वर्गात दाखवणार आहे.

काठावरची

अगदी बरोबर. आता वीट उपसून काढ, पण वाळू ढवळू नकोस. तीच वीट तिथेच उभी ठेव आणि तेवढंच परत ठोक. या वेळी किती आत जाते ते पट्टीनं मोजून लिही.